खांबामागचा खर्ज

दादांच्या पदरात काय पडणार होतं ते आधी सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी कुणावर उपकार केले याचा घोळ होणार नाही. दादा आमच्या लहान चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि शाळेत गाणं शिकवायचे; आता थोरल्या चर्चचा ऑर्गन त्यांच्या हाताखाली येणार होता. पट्ट्यांच्या तीन ओळी, छताला टेकलेल्या नळ्या, बसायला कातडी गादीचा बाक. शिवाय खिडकी असलेली स्वतंत्र खोली, दारावर पितळी पाटी, आणि शाळेतल्या बेसूर पोरांपासून कायमची सुटका. दादांच्या वडिलांनीही एकेकाळी याच जागेसाठी अर्ज केला होता आणि उत्तराची वाट बघत ते गेले, तेव्हा वरून त्यांचं समाधानही जमेला धरायचं. या सगळ्याच्या बदल्यात दादांनी करायचं होतं ते एवढंच, की निवड होईपर्यंत, म्हणजे महिनाअखेरपर्यंत, काही करायचं नाही. दिवस वाईट होते. गिरण्या बंद, दुकानं फुटत होती, रात्री उशिरा संचारबंदी. अशात नाव कुठे येऊ द्यायचं नाही आणि थोरल्या चर्चचे अध्यक्ष भेटले की हवापाण्याबद्दल बोलायचं. काही न करणं दादांना आयुष्यभर चांगलं जमत आलं होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात पोलिसांनी आत्याच्या जावयाला उचललं.

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. शिवणकाम करायची, गायनमंडळात सगळ्यांत वरचा सूर लावायची, आणि ज्यांची ती आत्या नव्हती तेही तिला आत्याच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तिच्या शिवणाच्या खोलीत जमले. मधोमध लाकडी पुतळ्यावर कुणाच्या तरी लग्नाचा अर्धवट झगा टाचण्या लावून उभा होता, आणि त्याच्याभोवती माणसं अशी बसली होती, की जणू त्यालाच सल्ला विचारायला आलीत.

आत्याची लेक, तिला घरात चिमणी म्हणत, तेवढी उभी होती. तापातून उठलेलं पोर खांद्यावर, डोळे रात्रभर न मिटलेले.

"सराव संपवून तो घरी येत होता," ती म्हणाली. "हातात कामाची पिशवी. पक्कड, पाने, पेचकस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीत दुसरं काय असणार? घड्याळवाल्याच्या दुकानाचं कुलूप तुटलं होतं. कुणीतरी सांगितलं, काळा माणूस पळताना पाहिला. मग काय, पहिला काळा माणूस दिसला तो धरला."

"पण कुलूप तुटलं कधी?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"सरावाचं शेवटचं गाणं चालू होतं तेव्हा. तो आपल्या सगळ्यांबरोबर चर्चच्या सज्जात गात होता तेव्हा. अधिकारी म्हणतो, ज्यांनी त्याला तिथे पाहिलं त्यांना घेऊन या, शपथेवर सांगू द्या, सोडतो."

खोलीत सुटकेचा निःश्वास पडला. एवढंच ना? अख्खं मंडळ साक्षीला. पोस्टमन तर उठून टोपी घालू लागला. तो मंडळातला पुढच्या रांगेतला गायक, आवाज असा की खालच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं.

"मी सांगतो ना. चांगलं पाहिलं मी त्यांना. तपकिरी शर्ट होता."

"निळा," आत्या म्हणाली.

"तपकिरी हो, आत्या."

"मी शिंपीण आहे. कापड मला कळतं. निळा."

"एका माणसाला तुम्ही दोघांनी मिळून दोन शर्ट घातलेत," वहिनी म्हणाल्या. दादांच्या या पत्नी पोस्टात कारकून, गायच्या नाहीत. दादा ऑर्गन वाजवत तेव्हा शेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटायच्या. "चौकीवर पोचेपर्यंत एखादी टोपीही चढेल."

"तो कामावरच्या खाकी डगल्यात होता," चिमणी म्हणाली. "बटण सकाळी मीच टाकलं."

पोस्टमनने टोपी काढली.

मग एकेकाने आठवून पाहिलं, आणि जे आठवलं ते कुणालाच आवडलं नाही. जावई कामावरून उशिरा यायचे, मागच्या अरुंद जिन्याने थेट सज्जात चढायचे. वीज वाचवायची म्हणून दिवा फक्त ऑर्गनवर. ते उभे राहायचे सज्जातल्या दगडी खांबामागे. आणि त्यांच्या वस्तीची शेवटची बस चुकू नये म्हणून शेवटचा सूर विरायच्या आत मागच्या जिन्यानेच उतरायचे. त्या संध्याकाळी चिमणी पोराजवळ घरी होती. बाकी कुणी त्यांचं तोंड पाहिलंच नव्हतं.

"मी ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा डबा दिला होता," आत्या म्हणाली. "शेवटच्या गाण्याआधी नेहमी देते. डबा खांबामागे गेला आणि परत आला."

"कुणी परत केला?"

"हात होता."

"कसा हात?"

आत्याला काही सांगता येईना. डबा घेताना ती खाली बसलेल्या माणसांकडे बघायची, कारण खाली बसलेली माणसं तिच्याकडे बघायची. सरावाला खाली कुणी नसतं, पण सवय ती सवय.

"खोटी शपथ घेऊ नका," पाद्रीबाबा हळूच म्हणाले. "त्यांनी शर्टाचा रंग विचारला तर त्याच्याच गळ्याशी येईल."

"मला एक सांगा," चिमणीने पोर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "इतकी माणसं त्या सज्जात. कुणालाच कसा दिसला नाही तो?"

"मधे खांब आहे ना, बाळा," आत्या म्हणाली.

"खांब आपल्या पणजोबांच्या आधीपासून आहे. त्याच्यामागे माणूस कुणी उभा केला?"

"आवाजासाठी. त्यांचा आवाज मोठा, सगळ्यांना झाकून टाकतो."

"आणि पोस्टमनकाकांचा?"

"माझं नाव कशाला मधे," पोस्टमन पुटपुटला.

आत्याने झग्याच्या टाचण्या काढून पुन्हा त्याच जागी टोचायला घेतल्या. तिला तो रविवार स्वच्छ आठवत होता. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच. नवे जावई, चर्चमधला एकटाच काळा चेहरा, सज्जात पुढच्या रांगेत उभे राहिले, आणि खालच्या बाकांवरच्या माना एकामागून एक वर वळल्या. त्यांतल्या निम्म्या माना तिच्या गिऱ्हाइकांच्या होत्या. कुणी काही बोललं नाही. पण त्या महिन्यात दोन झगे दुसऱ्या शिंप्याकडे गेले. मग तिनेच दादांना सांगितलं, जरा आडोशाला उभं करा त्यांना, त्यांनाही अवघडल्यासारखं होतंय. दादांनी होकार दिला. जावयाला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. घरात त्यांना जावईबापू म्हणायचं, मानाची खुर्ची, चहाचा पहिला कप त्यांना. सगळ्यांनी मिळून अहो-जाहो करत त्यांना खांबामागे नेऊन ठेवलं होतं.

"मीच म्हटलं होतं," आत्या टाचणीकडे बघत म्हणाली. "आवाजाचं नंतर जुळवलं."

चिमणी आईकडे बघत राहिली. तिला बहुधा माहीत होतं. ऐकायला मात्र आजच मिळालं.

या सगळ्या वेळात दादा एक अक्षर बोलले नव्हते. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघतही नव्हत्या. त्या बघत होत्या त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे.

*

गेली काही वर्षं दादांचा डावा पाय वाजवत नव्हता, ही गोष्ट दादांच्या समजुतीने जगात एकट्या वहिनींना माहीत होती. ऑर्गनचे सगळ्यांत खालचे सूर पायाने वाजवायचे असतात, बाकाखालच्या लांब लाकडी पट्ट्यांवर, आणि त्यांतले सगळ्यांत खोल सूर डावीकडे. गुडघा दुखायला लागला तेव्हा दादा धास्तावले होते. त्याच सुमारास घरात हा जावई आला. त्याचा आवाज इतका खालचा, की मंडळातले लोक त्याला खर्जच म्हणू लागले. एका सरावात कळ आली म्हणून दादांनी पाय उचलला, आणि सूर थांबला नाही. खांबामागून तोच सूर, तितकाच ठाम, चालू राहिला. दादांनी पाय बाकाच्या आडव्या दांडीवर टेकला. तो तिथेच राहिला. ज्या रविवारी खर्जाची कामावर पाळी असायची त्या रविवारी दादा अशी गाणी निवडायचे, की ज्यांत उजव्या पायावर भागेल. लोक म्हणायचे, मास्तरांच्या निवडीत फार विचार असतो.

शिवणाच्या खोलीतून घरी आल्यावर दादा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. वहिनींनी चहा ठेवला.

"तू सांगणार आहेस का?" दादांनी विचारलं.

"काय?"

"माहीत असून विचारू नकोस."

"मी पानं उलटते," वहिनी म्हणाल्या. "वाजवायचं काय ते तुम्ही ठरवता."

दादा कपाकडे बघत बसले. "थोरल्या चर्चमध्ये पायाच्या पट्ट्या इथल्या दीडपट आहेत. पहिल्या दिवशीच कळलं असतं म्हणा सगळ्यांना."

"मग काय करणार होतात?"

"खर्जाला बरोबर नेणार होतो. चांगली जागा देतो म्हणून."

"कुठे उभं करणार होतात त्यांना?"

दादांनी कप बशीत फिरवला. त्या चर्चमध्ये खांब पुष्कळ होते.

चहावर साय धरली तेव्हा ते म्हणाले, "त्या संध्याकाळी शेवटच्या गाण्यात पोस्टमन आणि कंपनी घसरली होती. नेहमीसारखी. खालून खर्जाने असा धरून ठेवला सूर, की सगळे परत चढून आले. मला वाटलं, किती छान वाजवतोय मी आज." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "मी त्याला आजवर एकदाही धन्यवाद म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं."

वहिनींनी साय काढून टाकली आणि कप पुन्हा पुढे सरकवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस इतकं खरं एका दमात बोललेला त्यांनी प्रथमच ऐकला होता. त्यांना त्या चौकीचे आभार मानावेसे वाटले, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

*

चौकीच्या खोलीत टेबल एक, खुर्च्या दोन, आणि भिंतीवर थांबलेलं घड्याळ. चिमणी दाराशी उभी राहिली. बाहेर बोळात अख्खं मंडळ भिंतीला पाठ लावून ओळीत, जशी सज्जात सूर लागायची वाट बघतात तशी. पाद्रीबाबांनी वजन पडावं म्हणून थोरल्या चर्चच्या अध्यक्षांना आणलं होतं. त्यांचा हेतू चांगलाच होता. दुसरी खुर्ची अध्यक्षांना मिळाली. दादा उभे होते, आणि चिमणीला दिसत होतं की उभं राहणं त्यांना जड जातंय.

"तुम्ही त्याला पाहिलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही."

"यांच्यापैकी कुणी?"

"नाही. आम्हीच त्यांना दिसणार नाही अशा जागी उभं केलं होतं."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मग आलात कशाला?"

"मी त्यांना ऐकलं."

"ऐकायला काय, रेडिओही ऐकू येतो."

चिमणी दारातून बाजूला झाली. मामा आता माफी मागून निघणार, असं तिला वाटलं. लहानपणापासून तिने त्यांना माफी मागून निघतानाच पाहिलं होतं. पण दादांनी अध्यक्षांकडे एकदा पाहिलं, सलाम केल्यासारखी मान हलवली, आणि बोलायला सुरुवात केली.

"शेवटच्या गाण्यात एक खालचा सूर शेवटपर्यंत धरायचा असतो. तो वाजवायचा माझ्या डाव्या पायाने. माझा डावा पाय वाजवत नाही. बरीच वर्षं झाली, गुडघा गेलाय. तो सूर हे गातात. त्या संध्याकाळी सूर शेवटपर्यंत होता, साहेब. एकतर माझा पाय, नाहीतर ते. तिसरं काही त्या चर्चमध्ये नाही."

"पाय नव्हता कशावरून?"

"मी पाहिलं," वहिनी पुढे झाल्या. "मी डाव्या हाताला बसते. पाय बाकाच्या दांडीवर होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शपथ आणा, घेते."

"एवढ्यांपैकी दुसऱ्या कुणी गायला असेल तो सूर."

"ऐकून बघा ना," दादा म्हणाले. "हे बोळातले सगळे मीच शिकवलेत. त्यांची लायकी मला माहीत आहे."

पोस्टमनने दारातूनच प्रयत्न केला. सूर अर्ध्या वाटेत घशातच बसला, आणि त्यातून पाटावरून ताट सरकल्यासारखा आवाज निघाला. कोपऱ्यातला शिपाई तोंडावर हात घेऊन वळला. त्याच्यामागच्या दोघांनी नुसत्या माना हलवल्या.

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे डावा पाय अजिबातच नाही?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

"अजिबात."

अध्यक्षांनी मांडीवरची हॅट उलटी केली आणि आत काहीतरी लिहिलेलं असावं तसे तिच्यात बघत राहिले. अधिकाऱ्याने मात्र जबानी उतरवून घ्यायला सुरुवात केली होती. मधेच तो थांबला.

"मास्तर, हे असं कुणी चोराला वाचवायला रचत नाही," तो म्हणाला. "चोरासाठी लोक सरळ सांगतात की पाहिला."

अध्यक्षांनी जबानीवर सही केली, आणि जामीन म्हणूनही केली. हे त्यांच्या खात्यावर मांडून ठेवायला हवं.

खर्जाला बाहेर आणलं तेव्हा चिमणी पुढे गेली आणि मग तिला कुठे हात लावावा ते कळेना. खालचा ओठ फाटून सुजला होता. एक दात नव्हता, गळ्यावर काळानिळा वळ होता. डगल्याचं तिने टाकलेलं बटण मात्र जागच्या जागी होतं.

त्याने दादांकडे पाहिलं. "पायाचं सांगितलंत?" शब्द ओठाला अडत होते.

"सांगितलं."

"मी नसतं सांगितलं."

दादा चमकले. "तुम्हाला माहीत होतं?"

"बाकाची दांडी करकरते, तुम्ही पाय टेकला की. ती ऐकली की मी श्वास भरून घेतो." तो कसाबसा हसला. "तिकडून मलाही काही दिसत नाही, दादा. ऐकूनच चालतं."

दादांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. धन्यवाद म्हणायचं ते घरून ठरवून आले होते, वाक्यही जुळवलं होतं. प्रत्यक्षात ते एवढंच म्हणाले, "फार उशीर केला मी." आणि खर्जाने मान डोलावली. नाही, उशीर नाही झाला, असं काही तो म्हणाला नाही. झाला होताच.

आत्या सगळ्यात मागे होती. ती जावयासमोर आली, पिशवीतून गोळ्यांचा डबा काढला आणि उघडून धरला. त्यांनी एक घेतली. आत्याने या वेळी हाताकडे नीट पाहिलं. बोटांच्या पेरांत तेलाची काळी रेघ, अंगठ्यावर जुना व्रण.

दारातून बाहेर पडताना खर्ज थांबला. "आत अजून माणसं आहेत," तो म्हणाला. "त्याच रात्रीची. त्याच कुलपासाठी. त्यांना कुणी ऐकलेलंही नाही."

वहिनी चौकीच्या बोळातल्या बाकावर बसल्या आणि पर्समधून चष्मा काढला. "नावं आणि घरचे पत्ते सांगा," त्या म्हणाल्या. "पत्ता शोधणं आमच्या पोस्टमनना सुरापेक्षा बरं जमतं."

*

अडचणीच्या काळातली माणसं कशी असतात याबद्दल बरंच बोललं जातं. मीही याच मंडळात गाते, त्याच्याबद्दल एवढंच सांगू शकते, की ते त्या बाकावर रोज जाऊन बसू लागलं. पाळीपाळीने, दोघं दोघं. गाणी म्हणायला नाही. नुसतं बसायचं आणि अमुकचं काय झालं, त्याच्या कामावरून कुणी येऊन गेलं का, ते विचारायचं. पोस्टमनने सगळी घरं शोधली. काही माणसं सुटली. एकाचं काही कळेना, तर पाद्रीबाबा त्याच्यासाठी शहराबाहेरच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले आणि तो तिथेच आहे, जिवंत आहे, एवढं त्याच्या आईला सांगू शकले. शिवाय सराव संपला की अख्खं मंडळ एकाच जिन्याने, पुढच्या, खाली उतरायचं आणि खर्जाला बसथांब्यापर्यंत पोचवायचं. गस्तीवाले बघायचे. पोस्टमन त्यांना मोठ्या आवाजात विचारायचा, "बरंय ना?"

आता कुणी काय भरलं ते.

थोरल्या चर्चचं पत्र आलं, फार सभ्य होतं. खिडकीची खोली एका तरुण बाईला मिळाली, आणि तिचे दोन्ही पाय उत्तम आहेत. दादा शाळेतल्या बेसूर पोरांकडे परत गेले आणि कधी नव्हे ते त्यांना रागावेनासे झाले.

सज्जाचं कठीण होतं. जागा तेवढीच, माणसं तेवढीच, खर्ज पुढच्या रांगेत आला की खांबामागे कुणीतरी जायला हवं. सुटकेनंतरच्या पहिल्याच रविवारी उपासनेआधी सगळे त्यावर कुजबुजत होते, तेवढ्यात आत्या आपली स्वरलिपी घेऊन खांबामागे जाऊन उभीसुद्धा राहिली. नव्या लेसच्या गळ्याचा झगा होता तिच्या अंगावर, आठवडाभर खपून शिवलेला. खालून तो कुणाला दिसला नाही. माना वर वळल्या, काही बराच वेळ वळलेल्या राहिल्या, आणि पुढच्या महिन्यात आणखी एक झगा दुसऱ्या शिंप्याकडे गेला. चिमणीने मधल्या गाण्यात डबा खांबामागे पाठवला आणि परत येणारा आईचा हात क्षणभर धरून ठेवला.

त्या रविवारी खर्जाला गाता आलं नाही, ओठ शिवलेला होता. तो नुसता उभा राहिला, पहिल्या रांगेत, मधोमध, तोंड मिटून. खालचे सूर रिकामे पडायचे होते. दादांनी डावा पाय दांडीवरून उचलला, पट्ट्यांवर ठेवला आणि अख्खं गाणं वाजवलं. चुकले, दोनदा उशिरा पोचले, आणि प्रत्येक सुरागणिक त्यांच्या कपाळावर काय उमटत होतं ते पानं उलटणाऱ्या वहिनींनी पाहिलं. खर्जाने दांडीची करकर ऐकायला मान तिरकी केली होती. ती आली नाही, तेव्हा तो वळून दादांकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा मोकळा होत गेला.

तर एकूण असं, की दादांनी ऑर्गन भरला आणि गुडघा भरला, आत्याने खालच्या नजरा भरल्या, अध्यक्षांनी एक सही. सगळ्यांना वाटलं त्यापेक्षा पुष्कळ परत मिळालं, आणि त्याबद्दल ते आजही देवाचे आभार मानतात. ओठ भरून आला. पण तो सगळ्यांत खालचा सूर खर्जाला पुन्हा पहिल्यासारखा लागला नाही. चौकीतल्या ज्यांनी तो घेतला त्यांनी काहीच भरलं नाही, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून भरलं तरी तो परत आला नाही.